अर्धं तिकीट

शेवटचीच रांग हवी म्हणाले पुर्सोमामा,
पाठीमागे भिंत असलेली बरी.
बेचाळीस वर्षांनी थेटराच्या दारात उभे,
इस्त्रीचा सदरा, खिशात खोकल्याच्या गोळ्या
आणि गळ्यात माझ्या मैत्रिणीचा महोत्सवाचा पास,
तिच्या फोटोवर अंगठा दाबून धरलेला.

मुलीनं यंत्र लावलं. पीं वाजलं.
मामा हात पुढे करून उभेच,
तळवा वर.
"झालं आजोबा," ती म्हणाली, "जावा आत."

पडद्यावर परक्या देशातलं बर्फ.
एक शिंपीण. तिच्या भावाला रात्री उचलून नेलेलं.
नेणारा दारात म्हणाला होता,
बूट राहू दे, लागणार नाहीत.
वीस वर्षांनी एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला येतं
आणि तसंच, त्याच सुरात म्हणतं,
अस्तर राहू दे, लागणार नाही.

मग दीड तास कात्री.
टेबलावर कात्री, हातात कात्री, परत टेबलावर.
पुढच्या रांगेत कुणीतरी पॉपकॉर्न चावायचं थांबलं,
तोंडातलं तोंडात.
एक बाई नाक ओढत होती, मीही.
मामांकडे बघितलं, तर ते पडदा बघत नव्हते.
उजवा तळवा मांडीवर उघडा ठेवून
त्यावर पडणारं बर्फ बघत होते.

आम्हा सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच:
पंचावन्न साल, मामा एकोणीसचे,
सायकलच्या सीटखाली पत्रकं सापडली.
म्हापशाच्या कुआर्तेलात
भोकं पाडलेल्या लाकडी पळीनं, पालमातोरीनं,
तळव्यांवर मोजून हाणलं सगुणनं.
आमच्याच वाड्यावरचा सगुण.
साहेबाला कळावं म्हणून पोर्तुगीजमध्ये मोजत होता.
महिनाभर माझ्या आईनं मामांना पेज भरवली,
हात मिटत नव्हते.

उरलेलं त्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं,
रस-ऑमलेटच्या गाड्यापाशी,
मांडवीकडे तोंड करून.

फिरंगी गेले, सगुणचा गणवेश गेला,
आणि दोन वर्षांत थेटरवाल्यानं त्याला दारावर ठेवला,
तिकिटं फाडायला.
"मी मुद्दाम गेलो.
पिशवीत कोयती, वर दोन नारळ.
पुढे सहा माणसं. मग चार. मग मीच.
त्यानं तिकीट फाडलं,
अर्धं ह्या हातावर ठेवलं
आणि म्हणाला, डावीकडे बसा, पंखा आहे."

मग?

"मग काय. ओळखलंच नाही गो त्यानं.
साठ फटके मोजलेला माणूस, आणि तोंड लक्षात नाही.
त्याला मारून कळणार कसं, कुणी मारलं ते?
नारळ घेऊन परत आलो.
तुझ्या आईनं सोलकढी केली त्यांची."

रस निवत चालला होता.
माझ्या जिभेवर एक मोठा शब्द आला होता,
सिनेमा बघून आल्यावर येतो तसा.
विचारलं, माफ केलंत?

"छे!" पावाचा तुकडा बुडवत ते म्हणाले.
"तो मेला त्या दिवशी वाड्यावर चूल पेटली नाही.
मी दार लावून इसवण तळलं.
वास जाईल एवढी खिडकी मात्र उघडी ठेवली."

बराच वेळ चावत राहिले.
नदीवरून बोटीतल्या नाचाचा ढोल येत होता.
"शेवटी तिनं कोट दिला का शिवून?"
दाखवलं नाही मामा. काळोख होतो
आणि नुसता कात्रीचा आवाज येतो.
"तो आवाज कापडाचा नव्हता," ते म्हणाले.
थोड्या वेळानं: "असेलही."

गाडेवाला सुट्टे द्यायला लागला
तसा मामांनी हात मागे घेतला.
फळीवर ठेव म्हणाले, हातात नको.
मग एकेक नाणं बोटानं पुढे सरकवत
ओठातल्या ओठात मोजायला लागले,
मासळी मोजताना, जिने चढताना मोजतात तसं.
आम्हाला वाटायचं, शाळेत शिकले असतील:
उं, दोयश, त्रेश.