दंतकथा

माझ्या शेजारची खुर्ची आयलीन क्लेगची.
तिच्या आधी तिच्या वडिलांची, त्याआधी एका सायकलवाल्याची,
तो सामना चालू असतानाच गेला
आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही,
कारण हॅदरशॉ टाउन असं खेळत होतं
की बरेच जण डोळे मिटूनच बसले होते.

दोन गिरण्यांच्या मध्ये मैदान.
गिरण्या बंद, एकीत आता गालिचे विकतात.
डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
मी मिरजेची, इथल्या इस्पितळात एक्स-रे काढते.
फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं
की आपण हरलो, आणि पुढच्या शनिवारी परत यायचं.

पहिल्या वर्षी विचारलं होतं, इथला लेजंड कोण?
वाटलं, ब्रॅनिगनचं नाव घेतील,
एका मोसमात एकतीस गोल, बारमध्ये मोठा फोटो.
आयलीननं नाक मुरडलं.
"चांगला होता. लंडनला गेला.
जाण्याआधी छातीवरच्या बिल्ल्याचा मुका घेऊन गेला."
मग बोट दाखवलं खालच्या रांगेत
घोंगडी पांघरलेल्या म्हाताऱ्याकडे.
वॉल्टर एंट्विसल. तीन नंबर. डावा बचाव.
चारशे अकरा सामने, गोल सहा,
त्यातले दोन आपल्याच जाळ्यात.

मी हसले. ती हसली नाही.

मग ऐकत गेले, मध्यंतरात, चहाच्या रांगेत, बसथांब्यावर,
की चौऱ्याहत्तरात बर्फ पडला तेव्हा सकाळी सहाला
तो घरचं फावडं घेऊन आला होता;
की कपच्या सामन्यात पेनल्टी चुकवली, आणि सोमवारी
रोजच्यासारखाच पायी गेला बाजारातून,
पाववाल्यापासून खाटकापर्यंत प्रत्येकाचं ऐकून घेत,
शेवटी खाटकालाच लाज वाटली,
त्यानं अर्धा किलो सॉसेज फुकट बांधून दिले;
की मोठ्या क्लबचा माणूस मोटार घेऊन दारात आला
तर बायको म्हणाली, कबुतरांना दाणे घालतायत, बसा.
तो दीड तास बसला आणि गेला.
(कबुतरांच्या गोष्टीचे तीन पाठ आहेत.
एकात कबुतरंच नाहीत.)

आणि दात. पुढचे दोन, ऐंशी साली, कुणाचं तरी कोपर लागून.
चिखलात शोधले, मिळाले नाहीत,
थुंकला, आणि उरलेला तास खेळला.
अजून तिथेच आहेत, कॉर्नरच्या झेंड्यापाशी,
असं शपथेवर सांगतात ती पोरं
ज्यांचे बापही तेव्हा जन्मले नव्हते.

मी आयलीनला म्हटलं, आमच्यात लेजंडला दंतकथा म्हणतात.
दंत म्हणजे दात.
तिनं ते पुढच्या रांगेला सांगितलं, त्या रांगेनं तिच्या पुढच्या,
असं वॉल्टरपर्यंत पोचलं.
त्यानं वळून मला
कवळी काढून दाखवली.

ते चार वर्षांपूर्वीचं.

गेल्या मार्चात तो माझ्या यंत्राखाली आडवा झाला. डोक्याचा स्कॅन.
पंधरा हिवाळे, भिजून धोंडा झालेला चेंडू
त्यानं त्या कपाळानं परत पाठवला होता.
काय दिसलं ते सांगायची मला मुभा नाही.
गावाला ठाऊक आहे. माझ्याकडून नाही.

आता क्लबच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद असतो,
कुठल्या शनिवारी त्याला कुणी आणायचं.
चार महिन्यांची नावं आधीच भरलेली.
मध्यंतरात मागून कुणीतरी वाकून सांगतं
बर्फाचं, कबुतरांचं, आणि कुणीच गाळत नाही ती पेनल्टी.
तो भुवया चढवून ऐकतो.
परवा विचारलं, "मग, गेली का आत?"

आयलीननं एकदा मैदानाकडे पाहिलं.
"नाही. बारवरून गेली."
"गाढव," वॉल्टर म्हणाला.
"होच. पण सोमवारी पायी गेला बाजारातून."
"सबंध?"
"सबंध."

तो बराच वेळ बोलला नाही.
जिभेनं काहीतरी चाचपत होता, वरच्या ओठामागे.
मग खेळ सुरू झाला.
दोन-शून्य हरलो.