पितळेचा टाका

गोठ्यातून बाहेर ढकलली तेव्हा
जावाच्या टाकीवर कोंबड्यांनी संसार केलेला होता.
लेइदा म्हणाली, धुतलं की निघेल.
निघालं.
खालचा गंज मात्र राहिला.

आमच्या सारेमा बेटावर मीठ दोन वाटांनी येतं :
समुद्रावरून, फुकट,
आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकायला ट्रक भरभरून, आमच्याच करातून.
दोन्ही मिठांनी या गाडीची चव घेतलेली.
हेडलाइटचं कडं, दोन्ही सायलेन्सर,
हँडल, किकची दांडी,
सगळीकडे बारीक तपकिरी खड्डे,
देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे.

स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून
व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला, घासत बसलो.
मार्च महिना. शेडमध्ये माझाच श्वास मला दिसत होता.
काळं पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं.
माइमू दारात उभी राहिली, म्हणाली,
"बत्तीस वर्षांत भांडी कधी अशी घासली नाहीस."

हँडल वाचलं. दांडीही वाचली.
उरलेलं गोणपाटात बांधून
फेरीबोटीतून, मग बसमध्ये मांडीवर घेऊन
तार्तूला, यूलोच्या कारखान्यात.

यूलोने कडं खिडकीशी धरलं, नखाने खरवडलं.
"क्रोम म्हणजे काय वाटतं तुला?
एका केसाचे उभे दोनशे पापुद्रे काढ,
त्यातला एक.
चमकतं ते खालचं निकेल.
निकेल बसतं तांब्यावर, तांबं लोखंडावर,
आणि लोखंडाला जे झालंय
ते वरपर्यंत सगळ्यांना कळतं.
मुलाम्याच्या पोटात काही राहत नाही."

सायलेन्सर त्याने हातातसुद्धा घेतले नाहीत.
बुटाच्या टोकाने उलटवले,
आतली राख सांडली, म्हणाला, नवे आण.

आठवड्याने त्याचा फोन.
"जुनं क्रोम उतरवलं. तुझ्या कड्याला
खालच्या बाजूला चिरा आहेत, सात.
पितळेने टाके घातलेत.
कुणी घातले माहीत नाही, पण हात होता त्याला.
बाहेरून मला दिसले नव्हते."
जरा थांबला.
"मला दिसले नव्हते," पुन्हा म्हणाला.

मी लेइदाला विचारलं.
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे रेडिओवर हवामान चाललं होतं.
"एकोणऐंशी साल.
एल्मार आठवडाभर रीगाला गेलेला.
मी गाडी काढली, मला येत नव्हती,
डेअरीच्या फाटकाने शिकवली.
सामूहिक शेतीवरचा वेल्डर दोन बाटल्यांत तयार झाला.
क्रोमला मात्र तिसरी लागली.
एल्मार परत यायच्या आदल्या रात्री कडं बसवलं.
पुढे पस्तीस वर्षं दर रविवारी
तो ते मऊ फडक्याने पुसायचा
आणि म्हणायचा,
बघ, जसं कारखान्यातून आलं तसं आहे."

मग तिने विचारलं,
"तुझा माणूस ते परत झाकणार ना?"

झाकलं. यूलोने टाक्यांना हात लावला नाही,
वरून तांबं, मग निकेल,
मग तो दोनशेतला एक पापुद्रा.
बिलावर सात चिरांचा उल्लेख नाही.

सायलेन्सर नवे आले, चेक बनावटीचे.
इतके निळे चमकतात की
शेजारची किकची दांडी बिचारी पिवळी दिसते,
आणि दांडीकडे बघून मडगार्ड,
आणि मडगार्ड बघून माझं जाकीट.
माइमू म्हणते, हे कुठे संपणार ते मला ठाऊक आहे,
आणि आपले पाकिटातले पैसे मोजते.

मे महिन्यात गाडी लेइदाच्या अंगणात नेली.
तिने सायलेन्सरचं कौतुक केलं,
मनापासून, जरा जास्तच.
मग वाकून कड्याच्या खालच्या बाजूने
अंगठा फिरवला, सावकाश,
जिथे जिथे काही असायला हवं होतं तिथे थांबत.

काही लागलं नाही.
"बरं झालंय," म्हणाली,
आणि अंगठा एप्रनला पुसला.
तसं पुसण्यासारखं काही नव्हतं.