उंबराची माणसं

उंबराचं लाकूड हलकं, पाण्याला सोसतं,
म्हणून आमच्या गावात माणसं उंबराची करतात.
बदकं, म्हशी, कोल्हासुद्धा.
वरून लाखेचे थर.
पाण्याखालच्या दांड्याची गोम मात्र
बाहेर सांगायची नाही. लेकीला तर नाहीच.
लेक म्हणजे परक्याचं धन,
लाल नदीपल्याड नांदायला जाणार
आणि दोऱ्यांच्या गाठी पदरात बांधून नेणार.
कोंबड्याच्या रक्ताची शपथ घेतली होती
माझ्या बापाने, त्याच्या बापाने.

मी नांदायला गेलेच नाही.
काठावर उभी राहिले, आल्याचा चहा
आणि कोरडा पंचा घेऊन, तीस हिवाळे.
कंबरभर पाण्यात उतरण्याआधी
गडी माशाच्या खारवाचा घोट घेत.
वाटी मी विसळायची.

मग जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं.
बोहेमियाहून एक मुलगी येते आहे, ब्लाझेना नावाची,
सहा आठवडे, शिकायला.
कला सातासमुद्रापार जाईल, असं शिक्क्यासकट लिहिलेलं.
बाप म्हणाला, येऊ दे.
मी तांदूळ निवडत होते.
ते दोन शब्द खड्यासारखे बाजूला काढून ठेवले.

तिची बाहुली लिंडनच्या लाकडाची, नऊ दोऱ्यांची.
तिच्या देशात हात वर असतो,
इथे पाण्यात.
बांबूच्या पडद्याआड ती उतरली, जळवांना न भिता,
पण कोल्हा काही तिच्याने वळेना.
बदकाला शेपटी दाखवत उलटाच पोहत जाई
आणि काठावरची पोरं लोळून हसत.
बाप दाखवी. पुन्हा दाखवी.
चौथ्या दिवशी त्याचा गुडघा पाण्यातच बसला.
दोघांनी धरून वर आणला,
पायरीवर टेकवला.

ब्लाझेनाने पडदा सारून माझ्याकडे पाहिलं.
आमच्यात भाषा नव्हती.
तिने नुसता दांडा पुढे केला,
जेवणाऱ्याला ताट सरकवावं तसा.

मी चपला काढल्या.

पाणी इतकं गार असतं, हे ठाऊक नव्हतं.
बाकी सगळं ठाऊक होतं.
मनगट आधी, खांदा मागून.
दोरी आपण ओढायची नाही,
पाण्याला ओढू द्यायची.
कोल्हा वळला. पोरं गप्प झाली.
तिच्या हातावर हात ठेवून
तोच वळसा मी तिला दिला, सात वेळा, आठ वेळा,
तिचे ओठ निळे पडेपर्यंत.

संध्याकाळी तिने माझ्या बोटांत तिच्या दोऱ्या अडकवल्या.
पाय उचलू नकोस, खुणेने म्हणाली,
वजन सोड.
बाहुली तीन पावलं चालली
आणि भाताच्या पातेल्यात जाऊन बसली.

बाप भिंतीकडे तोंड करून पडला होता.
शपथेचं मी विचारलं नाही,
त्याने काढलं नाही.
सकाळी पेज नेली.
त्याने वाटी घेतली, फुंकर घातली,
बराच वेळ फुंकरच घालत राहिला.
मग म्हणाला,
"कोल्ह्याची शेपटी उशिरा वळली काल.
बदक तोवर निसटलं होतं."