वाटे

एकोणीस वर्षं मी पाण्यावर रेघा मारल्या.
खरं तर पाण्याखालच्या चिखलावर,
जिथे मी कधी गेलो नाही,
आणि ज्यांच्यासाठी मारल्या त्या दोन देशांतलंही
कुणी गेलं नव्हतं.
देशांची नावं सांगत नाही, तशी सही केली आहे.
एवढंच, की ते शेजारी होते
आणि मधल्या तळाखाली वायू आहे असं कळेपर्यंत
बरे शेजारी होते.

निवृत्त होऊन निवतीला आलो
तेव्हा ट्रंकेत एक रद्द झालेला नकाशा होता,
त्यावर माझ्या हातची मध्यरेषा,
दोन्ही किनाऱ्यांपासून सारखी लांब, केसाएवढी.
त्या केसाच्या जाडीत अडीचशे मीटर समुद्र मावायचा.
जाडीवर वकील दोन दिवस बोलले.

सगळं सुरू होतं ते सुकतीच्या रेघेपासून.
कायदा म्हणतो, ओहोटीचं पाणी जिथवर मागे हटतं
तिथून मोजायला घ्या.
म्हणजे देशाची कड तिथे,
जिथे सुबद्राकाकी काष्टा मारून, आमच्याकडे पाठ करून
कालवं फोडत असते.
तिला हे सांगितलं, तर म्हणाली,
"मगे भरतीक देश खंय जाता?"
नऊ वर्षांत एकाही पंचाने हे विचारलं नाही.

पुढे तो काळा खडक.
ज्यावर माणूस राहू शकत नाही,
ज्याच्या जिवावर कुणाचं पोट चालत नाही,
अशा खडकाला भोवतीचा तळ मिळत नाही, हेही कायद्यातच आहे.
काकीची सहा महिन्यांची चूल त्या खडकावर चालते.
हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी रापण ओढली.
मीही दोराला हात लावला, म्हणजे नुसता लावला.
तारले, पेडवे, थोडे बांगडे.
लवू तारी वाळूवर वाटे घालायला बसला.
आधी सारखे ढीग, ओंजळीने.
मग ज्याची होडी त्याच्या ढिगात चार ओंजळी जास्त,
ज्याचं जाळं फाटलं त्याच्यात दोन.
मग उठून दहा पावलं मागे गेला, कमरेवर हात,
आणि नुसता बघत राहिला,
कुणाचा ढीग लाज वाटावी इतका लहान तर नाही ना.

माझा चहा निवला.
आधी मध्यरेषा. मग परिस्थिती बघून ती सरकवणं.
मग मागे होऊन प्रमाण तपासणं.
आमच्या निवाड्याचे हेच तीन भाग, चारशे पानं,
आणि शेवटी एका पंचाचं वेगळं मत.

वेगळं मत इथेही निघालं. जयवंत धुरी म्हणाला,
"गेल्या सालाक आमच्या घरात तीन वाटे इल्ले."
लवू वर न बघता,
"तेव्हा तुझो बापूस दोराक होतो."

आणि ती घोळ. एकच, मांडीएवढी.
कापली तर भाव जातो, अख्खी द्यायची कुणाला?
लवूने ती कुठल्याच ढिगात घातली नाही,
गोणपाटावर बाजूला ठेवली. विकू, पैसे वाटू.
माझ्या दोन देशांना एवढ्यासाठी चार वर्षं लागली,
विहीर नेमकी रेषेवर सापडली होती.
हसा. पण त्या चार वर्षांत
कुणी कुणावर बंदूक रोखली नाही,
फक्त टायपिंग झालं.
माझ्या धंद्याबद्दल एवढं तरी म्हणू द्या.

एक ढीग उरला. तो सुबद्राकाकीचा.
ती तर दोराला नव्हती, मी म्हटलं.
लवू म्हणाला, "तिच्या घोवाची जागा आसा."
कुठे?
त्याने दोराकडे बोट दाखवलं.
तिसऱ्या आणि पाचव्या माणसाच्या मध्ये
हातभर दोर, बावीस वर्षं
कुणी न धरलेला.

काकीने मला आठ तारले दिले, गुंडाळायला काही नव्हतं.
घरी ट्रंकेतला नकाशा काढला, त्यावरच ओतले.
तेल सुटलं, कागदात भिनलं,
रेषेच्या अलीकडे, पलीकडे.
सवयीने मोजलं.
पूर्वेला थोडं जास्त.