ओहोटीची वेळ

फ्रिजवर चुंबकाने अडकवलेलं ओहोटीचं कोष्टक
आयलिनने वाचलं, बोट खाली-खाली सरकवत:
"उद्या नऊ सव्वीस. नऊ सव्वीसला ओहोटी, आई."
होतं सहा एकोणतीस.

तिच्या डोळ्यांपुढे आकडे कोलांट्या मारतात.
सहाचा नऊ होतो, नऊचा सहा,
आणि अक्षरं, जरा दाटीवाटीत बसवली
की एकमेकांच्या जागा बळकावतात.
कास्त्रोच्या शाळेतून चिठ्ठी आलीय, तिसरी:
मुलगी हुशार आहे, लक्ष नाही.

लक्ष नाही म्हणे.
कुठल्या होडीचं इंजिन कुणाचं
हे तिला खिडकी न उघडता कळतं.
ओतिलिया मावशी रडून आलीय की भांडून
हे ती दारात काढलेल्या बुटांवरून सांगते.

मागच्या मंगळवारी मी तिची वही फाडली.
हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून
वाटेल की बाई फार शहाणी आहे.
फाडली. आणि त्या आवाजाबरोबर
मला माझ्या शाळेतली पट्टी आठवली,
सुजलेली पेरं आठवली, आणि हेही
की माझ्या पोरीला असं कधीच नाही,
असं मी ठरवलं होतं.

तर नऊ सव्वीस.
जीभ उचलली होती मी, दुरुस्त करायला.
मग म्हटलं, बरं, नऊला निघू.
का म्हटलं ते अजून नीट सांगता येत नाही.
बासिलिओची गाडी दुपारी येते तिसऱ्या न्यायला,
रिकाम्या पाटीचे पैसे तो देत नाही.

सकाळी बूट, फावडी, दोन पाट्या,
फडक्यात उकडलेले जांभळे बटाटे.
उतारावरून ती पुढे धावली
आणि खाली जाऊन थांबली.
जिथे चिखल हवा, तिथे पाणी.
आमचा खडक, ज्यावर आम्ही पाट्या ठेवतो,
त्याचं नुसतं डोकं वर.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग, माझ्याकडे न बघता:
"पाणी चुकलं की मी?"

सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं.
तू, असं म्हणता आलं असतं.
पाणी, असं म्हणणं सोपं होतं,
पण तिला खोटं बुटांवरूनही कळतं.
मी म्हटलं, "पाणी अजून चढतंय. बसू या का?"

बसलो.
ती मधूनच रडली, नाक बाहीला पुसलं,
बटाटा खाल्ला, सालं बगळ्यांना टाकली.
मग उठून पाण्याच्या काठावर एक दगड ठेवला.
थोड्या वेळाने, पाणी त्याला गिळून गेल्यावर, दुसरा.
असे अकरा. अकराव्यापाशी पाणी रेंगाळलं,
आणि ती पोटावर पालथी पडून बघत राहिली
पाणी मनात काय ठरवतंय ते.
"आता परत फिरलं," ती कुजबुजली,
जणू मोठ्याने बोललं तर ते बिचकेल.

संध्याकाळी सातच्या सुमाराला
दगड एकेक करून सगळे तिला परत मिळाले.
आम्ही काळोख होईपर्यंत खणलं, दीड पाटी भरली.
बासिलिओ केव्हाच गेला होता.
ओतिलिया म्हणाली, अख्खा दिवस पाण्यात.
ते खरंच होतं, मी हसले,
तिला ते आवडलं नाही.

घरी आयलिनने पेन घेतलं,
कोष्टकातल्या प्रत्येक सहाच्या पोटाखाली
बारीकसा दगड काढला. बसका आकडा, म्हणाली,
हा खाली बसतो. नऊ उभा राहतो.
दोन ठिकाणी तिने दगड नवालाही दिला.
मी पेन मागितलं नाही.

"उद्याची वेळ मी बघू?"
मी म्हटलं, तूच बघ.
तिने बघितली, सांगितली, गजर लावला, झोपली.

मग मी अंधारात उठले,
फ्रिजचं दार किंचित उघडलं, उजेडापुरतं,
आणि स्वतः एकदा बघून आले.
तिने बरोबर वाचलं होतं की नाही,
ते विचारू नका.
गजर मी हलवला नाही.