बाकी

पोस्टकार्डावर वाईचा शिक्का.
कु. यमुना गद्रे, निंबाळकर तालमीजवळ, पुणे.
आणि पिनच्या सहा घरांत
सहा आकडे नाहीतच.
घरं ओलांडून, बारीक अक्षरात:
९० × ४५६७.

'अपुरा पत्ता'चा शिक्का मी उचललाच होता.
मग म्हटलं, करून तर पाहू.
मनीऑर्डरच्या रद्द फॉर्मावर, उभ्याउभ्याच,
चार लाख अकरा हजार तीस.
म्हणजे आपलंच की. हेच टेबल,
हा वाळलेला डिंक, ही खिडकी.
बत्तीस वर्षं हा आकडा वाचत आलो,
स्वतःच्या दारावरची पाटी वाचावी तसा,
म्हणजे न वाचता.

पुढच्या महिन्यात: २ × ३ × ३ × ५ × ४५६७.
त्यापुढच्या: ६४१ × ६४१ + १४९.
पोफळे म्हणाला, ही पोस्टाची थट्टा आहे, दंड लावू.
मी म्हटलं, बेरीज बरोबर आहे ना?
मग पत्ता बरोबर आहे.

गद्रे बाई दार अर्धंच उघडायच्या.
एकदा धीर करून विचारलं,
नव्वद फुटतो, हा का फुटत नाही?
चार, पाच, सहा, सात,
शाळेच्या रांगेसारखा सरळ दिसतो.
"मूळ संख्या आहे. सदुसष्टपर्यंत भागून बघा.
त्यापुढे जायचं कारण नाही."
का नाही?
"दोघांतला एक तरी आधीच भेटला असता."
आणि दार लागलं.

मग टपाल कमी असलं की मी भागायला बसायचो.
सातानं बाकी तीन.
अकरानं दोन.
एकसष्टानं तर त्रेपन्न.
सदुसष्टानं अकरा, आणि थांबलो.
बायको म्हणाली, पगारात भागत नाही.
मी म्हटलं, कशानंच भागत नाही.
त्यावर दोन दिवस अबोला.

पोस्टकार्ड पोस्टमननं वाचू नये.
वाचलं जातं.
दोन ओळी हवापाण्याच्या, एक गुडघ्याची,
आणि शेवट दर वेळी तोच:
बाकी सर्व क्षेम. म.

मागच्या मंगळवारी कार्ड आलं.
शिक्का वाईचा. अक्षर दुसरं.
पिनच्या घरांत, एकेका घरात एकेक,
४ १ १ ० ३ ०.
गुणायला काही नव्हतं.
मी ते उलटून पाहिलं नाही.

बाईंनी दारातच घेतलं.
सहा घरांवरून अंगठा फिरवला,
डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा.
"बरोबर आहे," म्हणाल्या.
दार लावलं नाही.

खाली सायकलला कुलूप नव्हतंच,
तरी मी बराच वेळ
खिशात किल्ली शोधत राहिलो.