सीलबंद

लातूरच्या आडतीत मी मापाडी, बावीस वर्षं.
सोयाबीनच्या कट्ट्यात कोपरापर्यंत हात घातला
की ओलावा सांगतो, मशीनच्या आधी.
वर पिवळाधमक, खाली मातेरं भरलेला माल
मला वासानं कळतो.
तुरीचा दाणा दाताखाली धरतो,
कट्‌ वाजला तर खरा.

फोन दाताखाली धरता येत नाही.

गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका गल्लीत
बांगड्या आणि दोरखंडाच्या दुकानांमधी
बाळू चिद्रेवारनं काचेवर डबा ठेवला.
"वापरलेला नाही मामा.
एका पोरीला लग्नात आलेला, तिच्याकडं आधीच होता.
सील बघा की, सील."
सील बघितलं. गुळगुळीत.
कट्ट्याची शिलाई उसवून परत घालता येते
हे मला रोज ध्यानात येतं,
त्या दिवशी तेवढं आलं नाही.
"बिल काय करताव? मी हितंच हाय की."
सहा हजार सातशेतले दोनशे त्यानं सोडले.
सोडले की माणूस हुरळतो.
मीही सोडलेल्या दोनशेचीच पिशवी घेऊन घरी आलो.

प्रणितानं बोट फिरवलं आणि म्हणाली,
"अण्णा, ह्यो तर चालून आलाय."
मागच्या महिन्यात चार लाख अकरा हजार पावलं.
कोऱ्या फोनची.
तिनं हिशेब केला:
नांदेडला जाऊन परत, पायी.

मग शब्द.
बाळूनं फोटो पुसले होते, नंबर पुसले होते,
शब्द पुसायचे राहिले.
मी "उद्या" लिहिलं की फोन पुढं ठेवायचा "ड्युटी".
"रात्र" लिहिलं की "पाळी".
"मी" लिहिलं की "दमले नाही".
आणि "आई" लिहिलं की
"खोटं सांगू नको, जेवलीस का".
एकदा शेठला लिहायचं होतं, उद्या येतो सकाळी.
अंगठा घसरला. गेलं:
उद्या ड्युटी डबा ठेवू नको.
शेठचा लगेच फोन.
"मापाडी, तब्येत बरी हाय ना?"

महिन्याभरात फोन पोटानं फुगला.
तौफिकनं पाठ उघडली, आत फुंकर मारली
आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.
काच डुप्लिकेट. बॅटरी तिसऱ्याच कुणाची.
डब्यावर एक नंबर, आत दुसरा.
"स्टार हॅश शून्य सहा हॅश, मामा.
काउंटरवर एवढं दाबलं असतं तर…"
"मला कोण सांगणार?"
"तुम्ही विचारलाव का कुणाला?"
नव्वद किलोचा कट्टा एका हातानं ढकलणारा मी
त्या स्टुलावर बसून राहिलो.

गुरुवारी, बोली चालू असताना,
फोन हातात काळा झाला.
काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली:
"हा फोन माझा हरवलेला आहे.
फोन तुम्हाला राहू द्या. फोटो तेवढे द्या."
खाली दहा आकडे.

बाळूकडं गेलो. शटर वर होतं,
आत दुसराच माणूस प्लास्टिकच्या बादल्या लावत होता.
"चिद्रेवार? ते गेले की."
कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं.
तो तरी हितंच आहे, एवढं खरं.

फोटो मी कुठून देऊ?
पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, बिल कुठंय.
नाही गेलो तर चोरीचा माल खिशात.
प्रणिता म्हणाली, गप्प बसा, पेटीत टाकून द्या.
चार दिवस तसाच ठेवला.
मध्येच हात जायचा,
मातेरं लागलं की जसं मनगट थांबतं तसा थांबायचा.

काल तिच्याच फोनवरून ते दहा आकडे लावले.
तीनदा वाजला.
मागं ट्रॉलीची चाकं, कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारलेली,
मग दमलेला, दमलेला नाही म्हणणारा आवाज:
"हॅलो. कोण?"

माझं नाव, गाव, आडत,
साडेसहा हजार, माझी काही चूक नाही,
सगळं ओळीनं पाठ करून ठेवलं होतं.
तोंड उघडलं
आणि पुढचा शब्द आपोआप आला,
"जेवलीस का?"